नामदार नाना शंकरशेट यांची सार्वजनिक कारकीर्द

जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे नाव ज्याने ऐकले नाही असा शिक्षक एके काळी महाराष्ट्रात शोधूनही सापडला नसता. मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयात अग्रभागी येणाऱ्या विद्यार्थ्याला ही शिष्यवृत्ती मिळे आणि त्याच्या शाळेला तो दिवस सणासारखा वाटे. पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर व भारताचे अर्थमंत्री झालेले चिंतामणराव देशमुख हे १९१२ साली या शिष्यवृत्तीचे मानकरी होते. परंतु हे शंकरशेट कोण, असे वर्गात विचारले असता, कोणी तरी दानशूर शेटजी, एवढेच उत्तर बहुधा मिळत असे. आपल्या दैवज्ञ ज्ञातीतही याहून फार निराळी स्थिती आहे असे म्हणवत नाही. आपल्यापैकी अनेकांच्या घरी नानांची तसबीर आहे आणि जयंतीच्या दिवशी आपण तिला हारही घालतो. नाना धनवान होते, उदार होते, सरकारदरबारी त्यांचा मान होता, इतके आपणांस ठाऊक असते. मुंबई इलाख्याच्या राजकारणातील नाना मात्र आपल्याला जवळजवळ अपरिचित आहेत. त्या अंगाचा परिचय वाचकांस, विशेषतः तरुण पिढीस, करून द्यावा एवढ्याच हेतूने हा अल्प प्रयत्न केला आहे.

घराणे आणि बालपण

नानांचे घराणे मुरकुटे या आडनावाचे. मूळचे हे कुटुंब ठाणे जिल्ह्यातील घोडबंदरचे. त्यांचे आजोबा बाबुलशेट हे अठराव्या शतकात व्यापाराच्या निमित्ताने मुंबईस आले आणि येथेच स्थिरावले. त्यांचे चिरंजीव शंकरशेट यांनी व्यापार वाढवून मोठी संपत्ती मिळविली. जगन्नाथरावांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातीलच मुरबाड येथे झाला. मातोश्री भवानीबाई त्यांच्या बालपणीच निवर्तल्या. ताडदेवजवळील भवानीशंकराचे मंदिर या घराण्याची आजही आठवण देत उभे आहे.

त्या काळी मुंबईत आजच्या अर्थाने शाळाच नव्हत्या, मग महाविद्यालयाची गोष्ट दूरच. नानांचे शिक्षण घरीच झाले. पंतोजींकडून मराठी व हिशेब, शास्त्र्यांकडून संस्कृत आणि शिक्षक ठेवून इंग्रजी, असा त्यांचा अभ्यासक्रम होता. १८२२ साली वडील वारले. वयाची विशी उलटण्यापूर्वीच एवढ्या मोठ्या पेढीचा आणि संसाराचा भार नानांच्या खांद्यावर आला.

अशा वयात हाती आलेल्या संपत्तीने किती घरे बुडाली हे सांगावयास नको. नानांनी पेढी सांभाळली, आणि पैशापेक्षाही मोलाची गोष्ट, म्हणजे पेढीची पत, वाढविली. अरब, अफगाण असे दूरदेशीचे व्यापारी आपला ऐवज ठेवण्यासाठी बँकेपेक्षा नानांवर अधिक विश्वास टाकीत. ज्याच्या हाती लोक निश्चिंतपणे सोने देतात, त्याच्या शब्दालाही सोन्याचे मोल येते. आपल्या पिढीजात व्यवसायातील कोणालाही हे समजावून सांगण्याची गरज नाही. नानांच्या पुढील सर्व सार्वजनिक कार्याचे भांडवल हेच होते.

शिक्षणकार्याचा आरंभ

माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या उत्तेजनाने १८२२ साली हैंदशाळा आणि शाळापुस्तक मंडळी स्थापन झाली. पुढे तिचेच नाव बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी असे झाले. मराठी व गुजराती शाळा काढणे, त्यांसाठी शिक्षक तयार करणे आणि क्रमिक पुस्तके छापणे हे या मंडळीचे काम. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हे तिचे चिटणीस होते. सदाशिव काशीनाथ छत्रे आणि त्यांच्यानंतर बाळशास्त्री जांभेकर हे तिचे एतद्देशीय चिटणीस झाले. मंडळीच्या आरंभीच्या आधारस्तंभांत तरुण नाना होते. छापलेल्या मराठी पुस्तकावर मुले शिकू लागली ती याच प्रयत्नांमुळे.

१८२७ साली एल्फिन्स्टनसाहेब स्वदेशी जाण्यास निघाले, तेव्हा त्यांच्या नावाने फंड उभारण्यात आला. पुतळे किंवा मेजवान्या यांपेक्षा त्यांच्या नावाने उच्च विद्येची सोय व्हावी असे मुंबईकरांनी ठरविले आणि दोन लाखांहून अधिक रुपये जमले. या खटपटीत नाना अग्रभागी होते. १८३५ साली या फंडातून आणलेले पहिले इंग्रज प्राध्यापक मुंबईस दाखल झाले आणि एल्फिन्स्टन कॉलेजचा पाया घातला गेला. ज्यांना स्वतःला कॉलेजचे तोंड पाहण्यास मिळाले नव्हते, त्यांनी पुढील पिढ्यांसाठी कॉलेज उभे केले.

१८४९ साली स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुणांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. मुली शिकल्या तर घरावर अरिष्ट येईल, असे मानणारा समाज तो. त्या वेळी नानांनी गिरगावातील आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली. आदल्याच वर्षी पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी हेच कार्य आरंभिले होते. नानांना निंदा सोसावी लागली, पण ज्या वाड्यात इलाख्यातील मोठमोठे अधिकारी येत, तेथेच मुली धुळाक्षरे गिरविताना पाहून पुष्कळांची तोंडे आपोआप बंद झाली.

मातृभाषेचा कैवार

१८४० साली सरकारने शिक्षणाचा कारभार बोर्ड ऑफ एज्युकेशन या सात जणांच्या मंडळाकडे सोपविला. चार सभासद सरकारने नेमावयाचे आणि तीन नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीने निवडावयाचे, अशी योजना होती. सोसायटीने जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा यांना पाठविले. एक हिंदू, एक पारशी आणि एक मुसलमान असे हे तिघे बोर्डावर खांद्याला खांदा लावून बसले. नाना बोर्डाच्या अखेरीपर्यंत त्याचे सभासद होते.

१८४३ साली सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश सर अर्स्किन पेरी बोर्डाचे अध्यक्ष झाले. पेरीसाहेब विद्वान होते आणि हिंदी लोकांचे हितचिंतकही होते, परंतु त्यांचे मत असे की, सरकारजवळचा तुटपुंजा पैसा वरच्या वर्गातील थोड्या मुलांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण देण्यात खर्चावा, म्हणजे त्यांच्याकडून ते ज्ञान खालपर्यंत झिरपेल. नानांना हे पटले नाही. त्यांनी १ मे १८४७ रोजी आपले मत लेखी नोंदविले. ज्ञान बहुजनांपर्यंत पोहोचवावयाचे तर त्यांच्या मातृभाषेवाचून मार्ग नाही, आणि परक्या भाषेतून शिकलेले विषय थोड्यांच्याच पचनी पडतात, हा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. इंग्रजीला त्यांचा विरोध नव्हता. ते स्वतः ती भाषा उत्तम जाणत होते आणि इंग्रजी विद्येसाठी त्यांनी जन्मभर पैसा व वेळ खर्च केला. त्यांचे म्हणणे इतकेच होते की, इंग्रजीसाठी मराठीचा बळी देऊ नये.

फ्रामजी कावसजी आणि मकबा यांनी नानांना साथ दिली. कर्नल जर्व्हिस हेही याच पक्षाला मिळाले. सात जणांत चौघे अध्यक्षांच्या विरुद्ध गेले. सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशाच्या मताविरुद्ध त्याच्याच समोर बसून लेखी मत द्यावयाचे, ही त्या काळी एतद्देशीय गृहस्थास सोपी गोष्ट नव्हती. वाद सरकारकडे गेला. सरकारने निःसंदिग्ध निकाल दिला नाही. तथापि प्राथमिक शाळांतून मातृभाषा टिकून राहिली आणि १८५४ सालच्या वुडसाहेबांच्या खलित्यात सामान्य जनतेसाठी देशी भाषा व उच्च विद्येसाठी इंग्रजी असे धोरण मान्य झाले. पूर्ण जय नानांना मिळाला नाही, हे खरे. परंतु मराठी शाळेतून शिकून वर आलेल्या आपल्या पूर्वजांनी त्या चार मतांचे ऋण विसरता कामा नये.

बाँबे असोसिएशन

ईस्ट इंडिया कंपनीची सनद दर वीस वर्षांनी पार्लमेंटपुढे येई. १८५३ साली ती पुन्हा येणार होती. हिंदी लोकांची गाऱ्हाणी या वेळी तरी विलायतेस पोहोचावीत, या उद्देशाने २६ ऑगस्ट १८५२ रोजी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये सभा भरली आणि बाँबे असोसिएशन ही संस्था जन्मास आली. पश्चिम हिंदुस्थानातील ही पहिली राजकीय संस्था होय. सर जमशेटजी जिजीभाई हे तिचे सन्माननीय अध्यक्ष, नाना शंकरशेट प्रत्यक्ष अध्यक्ष, आणि डॉ. भाऊ दाजी लाड व नानांचे चिरंजीव विनायकराव हे चिटणीस झाले. दादाभाई नौरोजी, नौरोजी फर्दुनजी असे नव्या पिढीचे तरुण तिच्यात सामील झाले.

असोसिएशनने पार्लमेंटला अर्ज पाठविला. कारभार खर्चिक आणि संथ आहे, तो लोकांच्या नजरेआड चालतो, रस्ते व शिक्षण यांवरील खर्च अपुरा आहे, मोठ्या जागांपासून एतद्देशीयांना दूर ठेवले जाते, अशी त्यात तक्रार होती. राज्यकारभाराच्या मंडळांत हिंदी लोकांना स्थान मिळावे, ही त्यातील एक प्रमुख मागणी होती. भाषा विनयाची होती, परंतु आशय रोखठोक होता. त्यामुळे काही मंडळी बिचकून दूर झाली. ज्यांची पेढी सरकारच्या मर्जीवर चालते त्यांनी सरकारविरुद्ध अर्जावर सही का करावी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक होते. नानांची पेढीही काही लहान नव्हती. पण त्यांनी पाऊल मागे घेतले नाही.

अर्जाचे तात्काळ फळ फारसे आले नाही. १८५३ च्या कायद्याने सनदी नोकरीसाठी चढाओढीची परीक्षा ठेवली, पण ती विलायतेत. कायदे करणाऱ्या मंडळात एकाही हिंदी माणसाला जागा मिळाली नाही. पुढे असोसिएशनचा जोरही ओसरला. हे सर्व निराश करणारे होते. तरी नानांनी अध्यक्षपद टाकले नाही. संस्था चालती असताना अध्यक्ष होण्यास सर्वच तयार असतात. ती मंदावल्यावर खुर्चीवर टिकून राहणारे विरळा.

सत्तावन सालचे किटाळ

१८५७ साली उत्तरेत उठाव झाला आणि मुंबईतील गोऱ्या लोकांच्या मनाची शांती नाहीशी झाली. पोलीस अधिकारी फोर्जेट यांनी शहरावर करडी पाळत ठेवली. मुंबईतही कट असल्याच्या आरोपावरून १५ ऑक्टोबर १८५७ रोजी दोन शिपायांना मैदानात तोफेच्या तोंडी देण्यात आले. त्या संशयाच्या वातावरणात नानासाहेब पेशव्यांशी नाना शंकरशेट यांचे संधान आहे, अशी कुजबुज सुरू झाली. ज्यांच्या वाड्यात गव्हर्नरांची ऊठबस होती त्यांच्यावरच पाळत बसली. गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांचा या वार्तेवर विश्वास नव्हता. चौकशी झाली, काहीही निष्पन्न झाले नाही आणि नाना निर्दोष ठरले.

त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला आणि पहिल्या फेलोंच्या यादीत नानांचे नाव होते. एका हाताने मान आणि दुसऱ्या हाताने संशय, असे परसत्तेचे वागणे असते. या अनुभवाने दुसरा कोणी सार्वजनिक कामातून अंग काढून घेता. नानांनी कटुता मनात धरली नाही आणि लाचारीही पत्करली नाही. ते पूर्वीप्रमाणेच काम करीत राहिले.

शहराची कामे

नानांच्या राजकारणाचा पुष्कळसा भाग मुंबई शहराच्या रोजच्या गरजांशी निगडित होता. १८३४-३५ च्या सुमारास हिंदी लोकांना जस्टिस ऑफ द पीस नेमण्यास प्रारंभ झाला, तेव्हा त्या पहिल्या मंडळींत नाना होते. शहराचे कर, रस्ते, सफाई यांचा विचार याच मंडळात होई. सोनापूरची स्मशानभूमी शिवडीस हलविण्याचा सरकारचा बेत होता. गरिबाने प्रेत खांद्यावर घेऊन इतक्या दूर कसे जावे, हा लोकांचा प्रश्न नानांनी सरकारपुढे मांडला आणि तो बेत रहित झाला.

आगगाडी आणण्याच्या चळवळीत १८४५ पासून ते व सर जमशेटजी पुढे होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत २१ मैल पहिली गाडी धावली, त्यामागे अशा मंडळींची आठ वर्षांची खटपट होती. राणीची बाग आणि तेथील वस्तुसंग्रहालय यांच्या उभारणीतही नाना व डॉ. भाऊ दाजी यांचा मोठा वाटा होता. ते संग्रहालय आज भाऊ दाजींच्या नावाने ओळखले जाते.

कायदेकौन्सिलात

१८६१ साली पार्लमेंटने इंडियन कौन्सिल्स अॅक्ट मंजूर केला. त्यान्वये मुंबईच्या गव्हर्नराच्या कौन्सिलास कायदे करण्यासाठी चार ते आठ जादा सभासद नेमण्याची तरतूद झाली आणि त्यांपैकी निदान निम्मे बिनसरकारी असावेत असे ठरले. २२ जानेवारी १८६२ रोजी हे कौन्सिल प्रथम भरले. त्यावर नेमलेल्या पहिल्या हिंदी सभासदांत नाना शंकरशेट होते. ज्या मागणीसाठी दहा वर्षांपूर्वी त्यांनी अर्ज केला होता, तिचा अल्पसा अंश अशा रीतीने पदरात पडला, आणि नाना नामदार झाले.

या कौन्सिलाचे अधिकार किती तोकडे होते, हे आजच्या वाचकांनी ध्यानात घ्यावे. सभासद लोकांनी निवडलेले नव्हते. मत देण्याचा हक्क कोणालाच नव्हता. समोर ठेवलेल्या विधेयकापुरतेच बोलावयाचे. अंदाजपत्रकावर चर्चा करण्याची किंवा कारभाराविषयी प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. मंजूर झालेला कायदाही गव्हर्नर व गव्हर्नर जनरल यांच्या संमतीवाचून अमलात येत नसे. अशा जागी बसून काय साधणार, असे कोणी म्हणेल. परंतु विधेयक हाती घेऊन त्याचे कलमवार परीक्षण करणे, लोकांची अडचण कायद्याच्या भाषेत मांडणे, विरोध करूनही सभ्यता न सोडणे, ही संसदीय कामाची बाराखडी आपल्या लोकांनी अशा कौन्सिलांतूनच गिरविली. मुंबई शहराच्या कारभारासाठी १८६५ चा दुसरा कायदा याच कौन्सिलात झाला आणि जस्टिसांच्या मंडळास महापालिकेचे रूप आले. पुढे १८७२ च्या कायद्याने करदात्यांना नगरसेवक निवडण्याचा हक्क मिळाला. तो दिवस पाहण्यास नाना नव्हते.

३१ जुलै १८६५ रोजी नानांनी इहलोकीची यात्रा संपविली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला आलेली तेजी ओसरून त्याच महिन्यात मुंबईत शेअरबाजार कोसळला होता आणि काल लक्षाधीश असलेली माणसे रस्त्यावर आली होती. पैसा कसा येतो आणि कसा जातो, याचे प्रत्यंतर सारे शहर घेत होते. अशा घटकेला, पैशाहून टिकाऊ असे काही मागे ठेवून गेलेल्या या पुरुषाचे मोल लोकांना अधिकच कळले असेल. टाऊन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा बसविण्यात आला. त्यांच्या नावाने संस्कृतची शिष्यवृत्ती सुरू झाली. वीस वर्षांनी, डिसेंबर १८८५ मध्ये, नानांच्या वाड्यापासून फार दूर नसलेल्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन भरले. बाँबे असोसिएशनमधील तरुण दादाभाई त्या वेळी तेथे ज्येष्ठ पुढारी म्हणून उपस्थित होते.

आपले कर्तव्य

नाना आपल्या ज्ञातीत जन्मले याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. पण नानांनी पार्लमेंटला पाठविलेल्या अर्जाने सर्व हिंदी प्रजेची बाजू मांडली. बोर्डावर त्यांचे सोबती पारशी व मुसलमान होते, वाड्यातील शाळेत शिकणाऱ्या मुली इतर ज्ञातींच्याही होत्या, आणि सोनापूरला प्रेत घेऊन येणाऱ्याची जात त्यांनी विचारली नाही. म्हणून ज्ञातीचे भूषण म्हणून नानांना मिरविताना आपण त्यांना लहान तर करीत नाही ना, असा प्रश्न आपण स्वतःस विचारला पाहिजे. जो पुरुष सर्वांचा झाला, त्याला पुन्हा आपल्यापुरता करणे हा त्याचा गौरव नव्हे.

गिरगाव-ताडदेव भागात नाना चौक आहे. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मुंबई सेंट्रल स्थानकास नानांचे नाव देण्याच्या प्रस्तावास मान्यता दिली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु नावाची पाटी वाचण्यास मुलांना मराठी वाचता आले पाहिजे. १८४७ साली नानांनी ज्या भाषेसाठी अध्यक्षांशी वाद घातला, ती आपल्या घरांतील मुलांना आज वाचता येते काय? इंग्रजी शाळेत मुले जरूर घालावीत, नानाही हरकत न घेते. परंतु घरी रोज अर्धा तास मराठी पुस्तक वाचण्याचा नेम ठेवण्यास कोणत्या शाळेची परवानगी लागते?

दुसरी गोष्ट सार्वजनिक कामाची. नानांना मत नव्हते, आपल्याला आहे. नानांना प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती, आपल्याला आहे. ज्याला काहीच अधिकार नव्हता त्याने केवळ शब्दाच्या पतीवर एवढे केले, आणि सर्व अधिकार हाती असलेले आपण मतदानाच्या दिवशी सहलीस जातो, हे नानांच्या तसबिरीसमोर उभे राहून सांगण्याचा धीर आपल्याला होईल काय?

सोन्याची पारख कसोटीच्या दगडावर होते, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको. नानांचे नाव ही आपली कसोटी आहे. तिच्यावर आपण काय कस दाखवितो, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे. त्या थोर पुरुषाच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून हा लेख पुरा करतो.